सांडव्याकडचं कुंपण

१८ एप्रिल, शुक्रवार

आज ग्रामसभेत मला तलाव उद्यान समितीचा अध्यक्ष केलं. मी नको नको म्हणत होतो, पण इतक्या हळू की कुणाला ऐकू गेलं नाही. सरपंच गायत्रीताई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण बोलायला पक्क्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नाना, तुमले रांगा लावता येतस. आते तलावले शिस्त लावा." लोक हसले. हसू देत. एसटीच्या नंदुरबार आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून मी जन्म काढला आहे. दिवाळीच्या गर्दीत सुरतेची जादा गाडी सोडून दाखवा म्हणावं, मग हसा.

आमचा तलाव तसा देखणा. आकाश स्वच्छ असलं की पाण्यापलीकडे सातपुडा दिसतो. पण लोक वाट फुटेल तिकडून येतात, मोटरसायकल थेट पाण्यात नेऊन धुतात, आणि म्हशींना तर कुणी विचारतच नाही. आता कुंपण, फाटक, फिरायची वाट आणि बाकं एवढं मंजूर झालंय. कुठून शिरायचं आणि कुठून कसं चालायचं, ते समिती ठरवणार, म्हणजे मी.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. जसोदाच्या उजव्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. नोकरीभर मी तिला "रिटायर झालो की आपण फिरू" असं सांगत आलो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली आणि आम्ही दोघं मिळून अजून पिठाच्या गिरणीपर्यंतसुद्धा गेलेलो नाही. या तलावाभोवती मी आणि ही संध्याकाळी चाललो, तर अध्यक्षपदाचं सार्थक झालं. हे अर्थातच ग्रामसभेत बोललो नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

आराखडा तयार. कंत्राटदाराचा माणूस कागद बघून म्हणाला, "काका, हे तर बसस्थानक झालं." मी आभार मानले.

फाटक एकच. त्यात आरक्षण खिडकीपुढे असतात तसे लोखंडी दांडे, नागमोडी. माणूस अंग चोरून जाईल, मोटरसायकल जाणार नाही, म्हैस तर बघूनच परत फिरेल. फाटकातून भरावावर चढायला पायऱ्या. त्यांची उंची किती ठेवायची यावर सगळे अडले होते. मी नंदुरबारला जाऊन आगारात उभ्या असलेल्या गाडीची पायरी मोजून आलो. आपल्याकडच्या माणसाच्या पायात एसटीची पायरी जन्मापासून बसलेली आहे, त्याला दुसरी सवय कशाला लावायची? वर गेलं की वाट एकेरी. डाव्या हाताने निघायचं, तलावाला वळसा घालून परत फाटकाशी यायचं. जागोजागी बाण.

फाटकाच्या वर, जिथून सातपुडा नीट दिसतो, तिथे एक बाक मुद्दाम दोन माणसांपुरताच ठेवला आहे.

९ मे, शुक्रवार

जेवताना जसोदाला आराखडा समजावून सांगितला. वाटी म्हणजे तलाव, चमचा म्हणजे भराव, मिठाचा डबा म्हणजे फाटक. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "डोकावर काही लीसन उनं तं मधमा कसं जावानं?"

मी सांगितलं की बाग फिरायला आहे, डोक्यावर सामान घेऊन आत यायला नाही. ती तव्यावरची भाकरी उलटायला वळली. समाधान झालं असावं.

१ जून, रविवार

उद्घाटन झालं. नारळ, फित, भाषणं. आमच्या भाऊबंदकीतले सर्वांत वडील, शिवाजीआबा, पायऱ्या चढून वर आले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. दृश्य पाहून भारावले असं मी म्हणालो, तर दम खात होते असं कळलं.

जसोदा आत आली नाही. बाहेर लिंबाखाली बायकांत बसून राहिली. ऊन लागतं म्हणाली. ऊन होतंच, पण बाहेरही तेच होतं. मनाला लागलं. बाकावर मी एकटाच बसून फोटो काढून घेतला.

३ जून, मंगळवार

बाकावर एकटाच.

१२ जून, गुरुवार

सांडव्याच्या बाजूचं कुंपण कुणीतरी वाकवलं. खालची तार दाबून, वरची उचलून, माणूस सहज जाईल एवढी फट. छगनला विचारलं. छगन आमचा चौकीदार, तळोद्याच्या वरच्या पाड्यातला. बायको दगूबाईसह चौकीच्या खोलीत राहतो. बोलतो कमी, पण ऐकणाऱ्याला त्रास होईल इतकं नेमकं बोलतो.

म्हणाला, शेळ्या असतील. मी त्याला तिथे सापडलेला हिरव्या बांगडीचा तुकडा दाखवला आणि शेळ्या बांगड्या कधीपासून भरायला लागल्या ते विचारलं. त्याने तुकडा निरखून पाहिला. "आजकाल सांगता येत नाही, काका."

तार ओढून सरळ करून घेतली.

१६ जून, सोमवार

कुंपण पुन्हा वाकलेलं. पुन्हा सरळ केलं. फाटकावर दिवसभर उभा राहिलो. कॉलेजची चार पोरं, दोन नवरा-नवरी फोटोवाल्यासह, आणि एक चुकलेला विमा एजंट. बायका नाहीत, म्हातारी माणसं नाहीत. लोकांना शिस्त नको असते, हेच खरं. किंवा माझंच काहीतरी चुकतंय. पण काय?

१९ जून, गुरुवार

आता मात्र प्रकरण घरापर्यंत आलं. वाकवलेल्या तारेवर, साडी अडकू नये अशा बेताने, खाकी कापड गुंडाळून शिवलेलं आहे. कापड ओळखीचं वाटलं. घरी येऊन पेटी उघडली, तर माझ्या जुन्या गणवेशाच्या पँटचा एक पाय गुडघ्याखाली गायब! चोराने अख्खी पँट सोडून एकच पाय का न्यावा, हे समजत नाही. टाके मात्र फार सुबक आहेत. शिंप्यापैकी कुणी असावा.

जसोदाला सांगितलं. ती म्हणाली, दार उघडं टाकू नका. ती हल्ली संध्याकाळी देवळात जाते. तेव्हाच चोर येत असणार.

२७ जून, शुक्रवार

पाऊस उघडला होता. बाकावर बसलो होतो. सांडव्याच्या बाजूला, पाण्याच्या अगदी काठाशी, दहा-बारा बायका बसलेल्या दिसल्या. पलीकडच्या कोरीट गावच्या असतील. कुंपण वाकवणारी टोळी हीच. शिट्टी वाजवावी म्हणून खिशात हात घातला, पण त्या इतक्या मोकळ्या हसत होत्या की पाण्यावरून इकडे ऐकू येत होतं. शिट्टी काढली नाही.

त्यातली एक उजवा पाय लांब सोडून, डाव्या हातावर रेलून बसली होती. बसायची ढब ओळखीची वाटली. बायकांच्या ढबी सारख्याच असतात म्हणा.

घरी आलो तेव्हा जसोदा नुकतीच देवळातून आली होती. पदराला कुसळं चिकटलेली. देवळाचं आवार कुणी साफ करत नाही, हे गायत्रीताईंच्या कानावर घातलं पाहिजे.

८ जुलै, मंगळवार

दुपारी चौकीत छगन जेवत होता. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, लसणाची चटणी, वर भाजलेली मिरची. मला एक घास दिला. चव अगदी आमच्या घरची, चटणीत तीळही तितकेच. डोंगरातली माणसं खाली येऊन आपला स्वयंपाक किती लवकर उचलतात, याचं मी कौतुक केलं. छगनला ठसका लागला. दगूबाईने पाणी दिलं आणि तोंड फिरवून बराच वेळ भांडी घासली. भांडी तशी घासलेलीच दिसत होती.

जाता जाता छगनला म्हणालो, ही फाटकातून एकदाही आत आली नाही रे. का कोण जाणे, तोंडातून गेलं. तो हसला नाही. "येतील, काका," एवढंच म्हणाला.

२० जुलै, रविवार

टोळी रंगेहाथ पकडायची म्हणून दुपारी जेवण करून सांडव्याजवळ बाभळीआड दबा धरून बसलो. गार वारा होता. पोट भरलेलं होतं. जाग आली तेव्हा दिवे लागले होते, आणि ऊन लागू नये म्हणून माझ्या तोंडावर कुणीतरी टॉवेल घालून गेलं होतं. टॉवेल आमच्या घरचा. कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली आहे, ती जसोदा घालते.

मी टॉवेल घेऊन निघालो नव्हतो, एवढं नक्की आठवतं. यावर विचार करायचा म्हटला तर करता येईल. आज नको.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई बसणार. श्रावणातल्या नागपंचमीनंतरचा रविवार, आमच्या अख्ख्या खानदेशाचा सण. यंदा भाऊबंदकीची पाळी आमच्या घरी. चौरंगावर नारळाची देवी मांडायची, नथ घालायची, दागिने घालायचे, रोटांचा नैवेद्य दाखवायचा, आणि सोमवारी सकाळी घरच्या सवाष्णीने चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर न्यायचा. आमच्यात एकदा डोक्यावर घेतलेली कानबाई पाण्यापर्यंत कलायची नाही आणि खाली टेकायची नाही. चौरंग जसोदाच्या डोक्यावर असेल. लग्न होऊन आल्यापासून ती या पाळीची वाट बघते आहे. गुडघ्याचं म्हणावं तर गेला महिनाभर पाण्याची घागर डोक्यावर घेऊन घरातल्या घरात चालते. मला वाटलं नळाला पाणी येत नाही.

मिरवणूक फाटकातून कशी न्यायची याचा आराखडा मी केला आहे. दांड्यांपाशी चौरंग आडवा, देवी दुसरीच्या हातात, पलीकडे परत चौरंगावर. जसोदाला वाचून दाखवला. देवीची नथ साफ करता करता ती म्हणाली, "कानबाई काय तिकीट काढीसन येणार शे का?"

मी आराखड्याची घडी करून खिशात घातली. कलायची नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईचा हात धरून याच तलावावर आलेलो आहे. फाटक करताना कसं आठवलं नाही? फाटक करताना मी सगळ्यांचा विचार केला होता. मोटरसायकलचा केला, म्हशीचा केला. झोप येत नाही. उद्या रोटांसाठी लवकर उठायचं आहे आणि ही मात्र शांत घोरते आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी फाटकाच्या आत उभा राहिलो. शिट्टी गळ्यात. आराखडा सोडायचा नाही असं ठरवलं होतं. पण ऐन वेळी चौरंग अडला, देवी कलली, तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि हिला काय तोंड दाखवणार होतो?

ताशा ऐकू आला. मग बायका दिसल्या, फुगड्या घालत, गाणी म्हणत. सगळ्यात पुढे जसोदा. हिरवं नेसलेली, दोन्ही हात वर, डोक्यावर चौरंग, त्यावर देवीची नथ लखलखत होती. हिला इतकी ताठ चालताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. फाटकापाशी आली. दांड्यांमधून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाकडे आपण बघतो तसं. आणि मग उजवीकडे वळली, सांडव्याकडे.

पुढची गाडी वळली की मागच्या सगळ्या वळतात. मी शिट्टी फुंकली. ताशेवाल्याला वाटलं साथ देतोय, त्याने ठेका वाढवला. मी कुंपणाच्या आतून सांडव्याकडे पळत सुटलो. एकेरी वाटेवरून उलटा. माझेच बाण माझ्या छातीकडे रोखलेले.

सांडव्याजवळ पोहोचलो आणि उभाच राहिलो. तारा सोडवून दोन्हीकडे बांधून ठेवलेल्या, चौरंगासकट दोन बाया शेजारी शेजारी जातील एवढी जागा. तारेवर माझी खाकी. तिथून पाण्यापर्यंत मुरूम टाकून चोपलेली वाट, एकही पायरी नाही, बैलगाडीसुद्धा उतरेल असा निवांत उतार. वर शेणाचा सडा, काठाने रांगोळी. छगन आणि दगूबाई दोन बाजूंना उभे. ही वाट एका दिवसात झालेली नव्हती. मी समोरच्या बाकावर एकटा बसत होतो तेव्हा होत होती.

जसोदा त्या वाटेने उतरली. देवी जराही कलली नाही. पण अगदी पाण्याशी, रात्रीच्या पावसाने चिखल झाला होता तिथे, तिचा उजवा गुडघा धरला. ती थांबली. मागे सगळं थांबलं, ताशासुद्धा. हात दोन्ही वर. चौरंग टेकता येत नव्हता, कशाला धरताही येत नव्हतं. तिच्या ओठावर घाम आलेला मला दिसला.

शिवाजीआबा समोर होते. आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर बायको नवऱ्याच्या मागे दोन पावलं चालते, त्याला हाक मारत नाही. जसोदा समोर पाण्याकडेच बघत म्हणाली, "आठे या. मन्हं कोपर धरा."

मी गेलो. कोपर धरलं. तिने सगळं वजन माझ्यावर टाकलं आणि आम्ही दोघं बरोबरीने, एक एक पाऊल, पाण्यात गेलो. आबांनी मान वळवून सातपुडा बघितला. सातपुडा आज ढगात होता.

मला रडू आलं. तोंडावर पाणी उडालं असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

समितीची तातडीची बैठक घेतली. ठराव मांडला की प्रवाशांच्या सोयीसाठी मार्गात बदल करण्यात येत आहे. मुख्य प्रवेश सांडव्याकडून. तिथला उतार पक्का करणे, हाताला धरायला कठडा लावणे. फाटकाचे दांडे कापणे. पायऱ्यांशेजारीही उतार घालणे. बाण पुसणे.

गायत्रीताईंनी विचारलं की नाना, मोटरसायकलींचं काय? मी म्हणालो, रुंद जागा ठेवून मध्ये दगड रोवू. दगड किती अंतरावर, तर चौरंगाच्या रुंदीवर थोडं अधिक. त्या हसू दाबत म्हणाल्या की मोजायला पुन्हा आगारात जाणार का? मी म्हणालो, नाही, घरी विचारतो.

१० ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला गेलो. सांडव्याकडून. जसोदा सवयीने दोन पावलं मागे. मी हळू झालो, तीही हळू झाली. मी आणखी हळू झालो, तीही. असं होता होता दोघं जवळजवळ उभेच राहिलो. छगन चौकीतून बघत होता. शेवटी मी चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून वाकलो, ती पुढे आली, आणि मी उठलो तेव्हा शेजारी होती. मग तशीच राहिली.

माझ्या बाकापाशी नेलं. इथून पलीकडचे लोक छान दिसतात असं मी म्हणालो. तिला माहीत होतं. पलीकडूनही हा बाक छान दिसतो म्हणाली, आणि त्यावर रोज एक माणूस तोंड पाडून बसलेला असायचा.

मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तिने विचारलं होतं म्हणाली, मे महिन्यात, भाकरी करता करता, आणि काय उत्तर मिळालं तेही सांगितलं. मला वाटी, चमचा आणि मिठाचा डबा आठवला.

थोड्या वेळाने पँटचं विचारलं. घरात इतकी फडकी, चिंध्या, जुनी लुगडी असताना माझ्या गणवेशाची पँटच का कापली? जसोदाने उजवा पाय लांब सोडला, डाव्या हातावर रेलली आणि पाण्याकडे बघत राहिली.

"तुम्ही तं नही येत व्हतात," ती म्हणाली. "मंग तुम्हनी पँट लई गऊ."